मूटॉं रॉथशिल्ड घेताय? आधी कागद हवा की वाइन ते ठरवा

१९७३ सालच्या शातो मूटॉं रॉथशिल्ड या फ्रेंच रेड वाइनच्या लेबलवर पिकासोचं चित्र आहे. आतली वाइन मात्र बेताची. त्या वर्षी फ्रान्सच्या बोर्दो भागात, जिथं ती बनते, पीक उदंड आलं आणि ऐन हंगामात पाऊस पडला, त्यामुळे वाइन पातळ निघाली आणि तिचा भर केव्हाच ओसरला. तरीही ही बाटली लिलावात आली की घेणारे हजर असतात. दुसरीकडे १९८६ ची मूटॉं. तिच्या लेबलवरचा चित्रकार कोण हे शंभरातल्या नव्वद पिणाऱ्यांना सांगता येणार नाही, पण वाइन अशी की चाळिशीकडे झुकली तरी अजून दमात आहे.

मूटॉं घेताना लोकांचे पैसे इथेच वाया जातात. हा एकाच बाटलीत भरलेला दोन वस्तूंचा व्यवहार आहे. एक छापील कलाकृती, म्हणजे लेबलचा कागद, दुसरी प्यायची वाइन. दोन्हींचे निकष वेगळे, भाव ठरण्याची रीत वेगळी, जपण्याच्या गरजाही काही बाबतीत एकमेकींच्या उलट. तेव्हा पाकिटाला हात घालण्याआधी आपल्याला यातलं काय हवंय ते स्वतःशी पक्कं करा.

घराण्याचं थोडक्यात, पण नीट

बोर्दो शहराच्या उत्तरेला जिरोंद खाडीच्या डाव्या काठानं मेडॉकचा पट्टा पसरलाय. त्यातलं पोयॅक हे गाव साधारण पन्नास किलोमीटरवर. मूटॉंचे मळे गावाच्या उत्तरेला, थेट लाफीत रॉथशिल्ड या दुसऱ्या नामांकित मळ्याच्या बांधाला लागून. जमीन खडीची, गोट्यांची. पावसाचं पाणी झरकन खाली जातं, दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यॉं जातीच्या द्राक्षांना तेच मानवतं. म्हणून इथल्या वाइनमध्ये कॅबर्नेचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही वर असतो. उरलेली मुख्यतः मर्लो.

रॉथशिल्ड कुटुंबाच्या इंग्लंडमधल्या शाखेचे बॅरन नॅथॅनिएल यांनी १८५३ साली हा मळा लिलावात घेतला. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोतल्या दलालांनी मेडॉकच्या वाइनची प्रतवारी लावली. भाव बघता मूटॉं पहिल्या प्रतीत बसायला हवी होती, पण तिला दुसऱ्या प्रतीत पहिलं स्थान मिळालं. हे शल्य पुढं शंभर वर्षांहून जास्त टिकलं.

ते काढलं नॅथॅनिएलच्या पणतूनं. बॅरन फिलिप १९२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मळ्याचा कारभार बघू लागले. तोवर बोर्दोची रीत अशी की मळेवाल्यांनी वाइन पिंपांतून व्यापाऱ्याला द्यायची आणि बाटल्या त्यानं भरायच्या. मधल्या मधे भेसळीला रान मोकळं. फिलिपनी १९२४ ची सगळी वाइन मळ्यावरच भरायचा निर्णय घेतला आणि त्या सालासाठी जाहिरात-चित्रकार जाँ कार्लूकडून लेबल करून घेतलं. मळ्यावर भरायचं तर साठवायला जागा हवी, म्हणून १९२६ मध्ये शंभर मीटर लांबीचं कोठार बांधलं. ते आजही पाहायला मिळतं.

महायुद्ध संपलं तेव्हा फिलिप घरी परतले. त्यांची पत्नी एलिझाबेथ राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीतून परतली नाही. १९४५ च्या लेबलवर तरुण चित्रकार फिलिप ज्युलियन यानं विजयाचा इंग्रजी व्ही काढला आणि तिथून दर साली नवा चित्रकार ही प्रथा सुरू झाली. ब्राक, दाली, मिरो, शागाल, वॉरहॉल, बेकन, हॉकनी, रिश्टर ही त्यातली मोजकी नावं. मानधन पैशांत नाही, वाइनच्या खोक्यांत.

दर्जावाढीसाठी फिलिप अर्धशतक झगडले. १९७३ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे कृषिमंत्री जाक शिराक यांनी मूटॉंला पहिल्या प्रतीत घेणाऱ्या आदेशावर सही केली. १८५५ च्या त्या यादीतली ही एकमेव बढती. म्हणजे साल जेमतेम, पण लेबलवर त्याच वर्षी गेलेल्या पिकासोचं चित्र आणि पहिल्या प्रतीचा पहिला उल्लेख. त्या पातळ वाइनला भाव का येतो, ते आता लक्षात यावं.

फिलिप १९८८ मध्ये गेले. त्यांची मुलगी फिलिपीन मूळची रंगभूमीवरची अभिनेत्री. तिनं मळा २०१४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सांभाळला. आता तिची तीन मुलं बघतात.

पायरी १ : जमवायचं काय?

लेबलसाठी जमवणारे बहुतेक जण १९४५ पासूनची अखंड मालिका हे ध्येय ठेवतात. माझं मत विचाराल तर या फंदात सुरुवातीलाच पडू नका. १९४५ ची बाटली सामान्य माणसाच्या आवाक्यातली नाही आणि चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या काही किरकोळ सालांच्या बाटल्या दुर्मीळ म्हणूनच महाग आहेत. आत पिण्याजोगं काही उरलं असेलच असं नाही. त्यापेक्षा एखादं सूत्र धरा: तुमच्या घरातल्यांची जन्मसालं, किंवा आशियाई कलावंत, किंवा ज्यांची चित्रं तुम्हाला खरोखर आवडतात ते.

आपल्याकडच्या माणसानं एकच बाटली घ्यायची ठरवली तर २००९ कडे बघावं. त्या सालाचं लेबल शिल्पकार अनिश कपूर यांचं आहे, आणि कपूर जन्मानं मुंबईचे. साल तर बोर्दोतल्या अलीकडच्या सर्वांत उबदार आणि भरघोस सालांपैकी एक. कागद आणि वाइन दोन्ही तोलामोलाचे असण्याचा योग या मालिकेत फार वेळा येत नाही.

मालिकेतल्या काही खोडी माहीत असाव्यात. १९९३ साठी बाल्थ्यूसनं नग्न किशोरीचं रेखाचित्र दिलं. अमेरिकेत त्यावर ओरड झाली, तेव्हा तिथं पाठवलेल्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी ठेवली. जमवणाऱ्यांना आता दोन्ही लागतात. १९७८ साठीही रिओपेल या चित्रकाराची दोन चित्रं वापरली गेली. २००० मध्ये कागदी लेबलच नाही: मळ्याच्या संग्रहालयात आउग्सबुर्गच्या सोनारानं घडवलेला एक मेंढा आहे, तो सोनेरी मुलाम्यात थेट काचेवर उठवलाय. ही बाटली घराघरांत शोभेला ठेवलेली दिसते आणि तिथंच तिचं वाटोळं होतं, कारण शोकेसमधला दिवा आणि उकाडा वाइनला सोसत नाही. २००४ चं जलरंगातलं चित्र ब्रिटनच्या आताच्या राजाचं आहे, तेव्हा ते युवराज होते. १९८७ वर फिलिप यांचाच चेहरा आहे; ते त्यांचं शेवटचं साल.

पायरी २ : प्यायला घ्यायची तर साल बघा, चित्र नको

१९४५, १९५९, १९६१ ही दंतकथेतली सालं. त्यांच्या वाट्याला न गेलेलं बरं. १९८२ आणि १९८६ आज उत्तम पिता येतात. १९८२ मऊ आणि मोकळी, १९८६ ताठ, तिला उघडल्यावर वेळ द्यावा लागतो. पुढची २०००, २००९, २०१०, २०१६, २०१८, २०१९, २०२२ ही सगळी थोर. यातली २०१० आणि त्यानंतरची आज उघडाल तर पैसे भरून ओकचा वास आणि जीभ आवळणारं टॅनिन विकत घ्याल. ही वाइन दीड-दोन वर्षं नव्या ओकच्या पिंपांत असते. ते लाकूड वाइनमध्ये मुरायला पंधरा-वीस वर्षं लागतात, चांगल्या सालांना त्याहून जास्त.

१९७७, १९९१, १९९२, २०१३ यांसारखी अवघड सालं स्वस्तात मिळाली तरी वाइनसाठी घेऊ नका.

आणि मूटॉंचं नाव लागलेली प्रत्येक बाटली मूटॉं नव्हे. ल पेती मूटॉं ही याच मळ्याची दुसरी वाइन, १९९३ पासूनची. ती लवकर पिण्याजोगी होते आणि मळ्याची चव समजून घ्यायला चांगली. मूटॉं काडे हे मात्र बोर्दोभरातल्या द्राक्षांचं, मोठ्या प्रमाणावर निघणारं साधं उत्पादन. १९३० चं साल बिघडलं तेव्हा ते काढण्याची कल्पना निघाली. विमानतळावरच्या दुकानात काडे बघून "अरे, इतकी स्वस्त?" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

पायरी ३ : कुठून घ्यायची

नवी वाइन बोर्दोत पिंपात असतानाच विकली जाते. सुगीनंतरच्या वसंतात व्यापारी आणि समीक्षक चव घेतात, मळा भाव जाहीर करतो, पैसे तेव्हाच भरायचे आणि बाटल्या दोनएक वर्षांनी मिळायच्या. मळा थेट ग्राहकाला विकत नाही. मधे बोर्दोचे व्यापारी, त्यांच्याकडून लंडन, हाँगकाँग, सिंगापूरची दुकानं. एके काळी या पद्धतीत वाइन स्वस्त पडायची. अलीकडे बाजारात आलेल्या जुन्या सालांचे भाव कधी कधी नव्या सालापेक्षा कमी असतात, तेव्हा पैसे आधी भरून वाट बघायचं कारण उरत नाही. अपवाद एकच: बाटली मळ्यातून निघाल्यापासून तुमच्याच नावावर असल्याची खात्री.

जमिनीला सातबारा तसा बाटलीला हा पूर्वेतिहास. २००७ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९४५ ची साडेचार लिटरची एक बाटली ३,१०,७०० डॉलरला गेली. ती खुद्द फिलिपीन यांच्या तळघरातून आली होती, साठ वर्षांत कुठं हलली नव्हती, हे त्या आकड्यामागचं मोठं कारण.

लंडन, दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीत राहणाऱ्यांना व्यवहार सोपा आहे. ब्रिटनमध्ये सीमाशुल्काच्या गोदामात, कर न भरता, वाइन तशीच ठेवता येते. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर ती तिथंच राहू द्या. तिथून ती पुन्हा विकताही येते.

महाराष्ट्रात आणून ठेवायची तर गणित वेगळं. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयातशुल्क आकारलं गेलंय, वर राज्याचे कर. दर बदलत असतात, म्हणून घेताना चालू दर विचारा. प्रवासातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत आणता येतं, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. पण सामानाच्या एकूण किमतीची शुल्कमुक्त मर्यादाही असते आणि चांगल्या सालाची एक मूटॉं ती मर्यादा एकटी खाऊ शकते. पावती जवळ ठेवा आणि विचारलं तर खरी किंमत सांगा. बाळगायला आणि प्यायला राज्याचा परवाना काढून ठेवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे विक्रीचा परवाना नसताना ती तुम्हाला इथं कुणाला विकता येणार नाही. समाजमाध्यमांवर "पुण्यात मूटॉं विकणे आहे" छापाचे निरोप फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. भारतात आणलेली बाटली ही पिण्यासाठीच आणलेली समजावी.

पायरी ४ : बाटली हातात घेऊन तपासणं

या पायरीला घाई नको. टेबलावर पांढरा कागद, एक बारीक टॉर्च आणि भिंग घ्या.

पहिल्यांदा वाइनची पातळी. बोर्दोची बाटली उभी धरली की मान, मानेचं मूळ आणि खांदा असे तीन टप्पे दिसतात. वीस वर्षांच्या आतली वाइन मानेतच हवी. तीस-चाळीस वर्षांची मानेच्या मुळाशी किंवा खांद्याच्या अगदी वरच्या कडेला असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यावर आली असेल तर बुचातून हवा आत गेलीय, पिण्यासाठी धोका. त्याखाली असेल तर फक्त लेबलवाल्यांनी घ्यावी. उलट साठ वर्षांची बाटली गळ्यापर्यंत काठोकाठ भरलेली दिसली तर खूश होऊ नका. बूच बदलून पुन्हा भरली असेल, तर तसं सांगणारा कागद मागा.

मग टॉर्च बाटलीमागे धरा. जुन्या मूटॉंचा रंग कडेला विटकरी झालेला दिसतो आणि तळाशी किंवा आडव्या बाजूला गाळ असतो. तीस वर्षांच्या वाइनला गाळच नाही, हे शंकास्पद. संपूर्ण तपकिरी, चहासारखी दिसली तर ती गेलेली आहे.

बुचावरचं धातूच्या पातळ पत्र्याचं टोपण हलक्या हातानं फिरवून बघा. ते सहज फिरलं तर बहुधा आतून वाइन झिरपलेली नाही. चिकटून बसलंय आणि कडेला वाळलेले डाग आहेत, तर कधी तरी उकाड्यात वाइन फुगून बाहेर आलीय. टोपणाखाली बूच वर ढकललेलं, उचललेलं दिसलं तर परत करा. भारतातल्या भारतात फिरलेल्या बाटल्यांचं हेच होतं. कुणी तरी मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली असते.

शेवटी लेबल. भिंगाखाली छपाईच्या कडा बघा. संगणकाच्या प्रिंटरनं काढलेल्या नकलेत रेषेच्या कडेला रंगाचे सुटे ठिपके दिसतात. जुना कागद सगळीकडे सारखा जुना होत नाही. कडा, सुरकुत्या, बाटली टेकलेली बाजू यांचा रंग वेगळा असतो. पूर्ण लेबल एकसारखं पिवळट असेल तर कुणी तरी चहाच्या पाण्याची कमाल केली असावी. अतिनील दिव्याची छोटी बॅटरी मिळते, ती वापरा: १९५० च्या दशकाआधीच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नसत. १९४५ चं लेबल निळं-पांढरं लखलखलं, तर ते नंतर छापलेलं आहे. बुचावर मळ्याचं नाव आणि साल असतं. टोपण पारदर्शक नसल्यामुळे ते उघडल्यावरच कळतं, तरी मानेतून टॉर्चच्या उजेडात काही अक्षरं वाचता येतात.

ही तपासणी वेडेपणाची वाटत असेल तर रूडी कुर्नियावानचं प्रकरण आठवा. लॉस एंजेलिसजवळ राहणारा हा तरुण दुर्मीळ वाइनचा मोठा जाणकार म्हणून नावाजलेला होता. २०१२ मध्ये एफबीआयनं त्याच्या घरावर छापा घातला तेव्हा आत जुन्या वाइनची लेबलं, शिक्के, बुचं यांचा साठा मिळाला. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यानं फसवलेले लोक अडाणी नव्हते, अब्जाधीश संग्राहक होते. त्याच्या काही बाटल्या अजून कुणाकुणाच्या तळघरात असणारच. म्हणून १९८० च्या आधीची बाटली पूर्वेतिहासाशिवाय घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

पायरी ५ : ठेवायची कशी

तापमान १२ ते १४ अंश, वर्षभर एकसारखं. बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधार हवा, हादरे नकोत. घरातला फ्रीज चालत नाही: तो फार थंड आणि कोरडा असतो आणि सतत थरथरतो. वाइनसाठीचं कपाट घ्या आणि त्याला इन्व्हर्टरची जोड द्या. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये वीज दिवसभर गेली तर आतलं तापमान किती चढतं ते स्वतः थर्मामीटर ठेवून बघा, मगच महागडी बाटली आत जाऊ द्या.

इथंच कागद आणि वाइन एकमेकांविरुद्ध जातात. बुचाला ६५ ते ७५ टक्के आर्द्रता मानवते, तीच आर्द्रता कोकणात आणि मुंबईत लेबलवर बुरशी आणते. उपाय साधा: लेबलच्या भागावर आम्लरहित पातळ कागद, त्यावर स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म सैलसर गुंडाळा. टोपण झाकू नका.

पायरी ६ : उघडायची कशी

दोन दिवस आधी बाटली उभी करा, गाळ तळाला बसेल. पिण्याचं तापमान १६ ते १८ अंश. आपल्याकडच्या खोलीत ओतल्यावर ती लवकर गरम होते, म्हणून ओतताना पंधराच्या आसपास असू द्या. तीस वर्षांहून जुनं बूच साध्या स्क्रूनं भुगा होऊन आत पडतं. त्यासाठी दोन पात्यांचं बूचकाढणं मिळतं, ते बुचाच्या दोन्ही कडांनी हळूहळू डोलवत खाली न्यायचं आणि पीळ देत वर घ्यायचं. वाइन दुसऱ्या भांड्यात ओतताना मानेखाली टॉर्च लावा. गाळाची पहिली काळी रेघ मानेकडे सरकली की थांबा. तळाचे दोन घोट गेले तर जाऊ द्या.

तरुण वाइन तीन-चार तास मोकळी ठेवा. १९८२ किंवा त्याआधीची मात्र ओतून लगेच प्या. जुन्या वाइनचा वास हवेत अर्ध्या तासात उडून गेल्याच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत. सोबत काय? पोयॅकला याच परिसरातलं दूध पिऊन वाढलेलं कोकरू खातात, साधं भाजून. आपल्याकडं करायचं तर मीठ, मिरी, लसूण लावून मंद भाजलेलं मटण. तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी. तिखटात टॅनिन कडू लागतं आणि शेजारी बसलेल्या पाहुण्यांना वाटतं वाइनच वाईट आहे.

पायरी ७ : रिकामी बाटली

लेबल जमवणाऱ्यांसाठी काम इथं संपत नाही. जुन्या सालांचं लेबल कोमट पाण्यात रात्रभर ठेवलं की सुटतं. नव्या सालांचं चिवट असतं, त्यासाठी बाटलीत गरम पाणी भरून काठापासून हळूहळू सोलावं लागतं. सुटलेलं लेबल दोन टिपकागदांच्या मधे, वर जड पुस्तकं ठेवून वाळवा. लेबल नको असेल तर ते मार्करनं आडवं खोडा आणि बूच तोडून टाका, मगच बाटली भंगारवाल्याला द्या. परदेशी महागड्या बाटल्या भंगारात वेगळ्या काढल्या जातात आणि त्या कुणाकडे पोहोचतात ते आपल्या हातात नसतं. २००० ची मेंढ्याची बाटली तर खोडताही येत नाही. ती फोडा, नाही तर घरीच ठेवा.